'कडक' म्हणजे नक्की काय? (वय, हृदयाच्या धमन्या आणि एका होजवाल्याची शंका)

होजवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत रबरी होज बनवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. ट्रकच्या ब्रेकचे, रेडिएटरचे, हायड्रॉलिक प्रेसचे. आता वय ६८. गेल्या महिन्यात जिना चढताना छातीत जड वाटलं म्हणून मुलगी हाताला धरून घेऊन गेली. सीटीत कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा) १८६ निघाला, म्हणून पुढे अँजिओग्राफी. ती झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "काका, ब्लॉकेज नाही. नळ्या मोकळ्या आहेत. वयाप्रमाणे जरा कडक आणि वळणदार झाल्यात इतकंच. गोळ्या घ्या, चालत राहा."

घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. मला मात्र त्या 'कडक'ने झोप येईना. आमच्या धंद्यात कडक म्हणजे आकडा असतो. ड्युरोमीटर, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र, टेकवायचा आणि वाचायचं. शोअर ए या मापावर ६५ चा होज वापरून ७८ वर गेला तर तो कडक झाला. का झाला तेही सांगता येतं. उष्णतेने रबरात नव्या जोडण्या होत राहतात आणि तेल उडून जातं. म्हणून तर नवा माल आम्ही ओव्हनमध्ये ७० डिग्रीला ७२ तास भाजून बघतो, पुढे काय होणार ते आधीच कळावं म्हणून.

तर माझा प्रश्न असा. हृदयाच्या धमनीत कडक काय होतं? माल बदलतो की भिंतीची जाडी? आणि ही नळी वळणदार का व्हावी? होज लांबीला वाढला तरच वळतो. माझी धमनी लांब झाली की काय? शिवाय नळी मोकळी आहे तर ते १८६ चं कॅल्शियम बसलंय कुठे?

जाणकारांनी उजेड पाडावा.

पापलेट_प्रेमी

काका, एवढा विचार कशाला? आलं, लसूण, लिंबू यांचा रस आणि ॲपल व्हिनेगर, चारही समप्रमाणात. उकळून निम्मं करा, गार झाल्यावर मध घाला. रोज सकाळी तीन चमचे. माझ्या साडूच्या साडूचं ब्लॉकेज विरघळलं.

स्लाइडवाली

@पापलेट_प्रेमी, काकांना ब्लॉकेज नाहीच, तुमचा काढा विरघळवणार काय?

@होजवाला काका, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. वैद्यकीय महाविद्यालयात बावीस वर्षं झाली, त्यातली बरीच शवविच्छेदनाच्या खोलीत. तुमचा ड्युरोमीटर माझ्याकडे नाही, पण हात आहे. हृदय तपासताना कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी धमनी, आम्ही तीन-चार मिलिमीटरवर आडवी कापत जातो. विशीतल्या मुलाची धमनी सुरीखाली उकडलेल्या शेवईसारखी दबते आणि कापली की तोंड मिटतं. सत्तरीतल्या माणसाची पुष्कळदा तोंड उघडं ठेवून उभी राहते. आणि कॅल्शियम असेल तर सुरी कर्रकन वाजते, अंड्याच्या कवचावरून गेल्यासारखी. काही तुकडे आधी आम्लात ठेवून कॅल्शियम काढावं लागतं, नाहीतर मायक्रोटोमचं (स्लाइडसाठी पातळ काप काढायच्या यंत्राचं) पातं जातं.

आता भिंत. साडेतीन-चार मिलिमीटर व्यासाच्या या नळीला तीन थर असतात. आतला इंटिमा, मधला मीडिया, बाहेरचा ॲडव्हेंटिशिया. पुस्तकातल्या चित्रात इंटिमा म्हणजे पेशींचं एकपदरी अस्तर. उंदराच्या, सशाच्या धमनीत ते खरंही असतं. माणसाच्या कोरोनरीत बाळपणापासूनच तिथे थर चढायला लागतो. मीडियातल्या स्नायूपेशी आत येतात, कोलॅजन (ताठ धाग्यांचं प्रथिन) आणि चिकट शर्करायुक्त द्रव्य टाकत बसतात. हा थर सगळीकडून सारखा, गोलाकार वाढतो. हा रोग नव्हे, प्रत्येकाला असतो. साठी-सत्तरीपर्यंत इंटिमा भिंतीच्या जवळपास पाव हिस्सा व्यापते.

त्याच काळात मीडिया आपल्या स्नायूपेशी गमावते. इलॅस्टिनचे, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्रथिनाचे, पदर स्लाइडवर तरुणपणी लहरिया साडीच्या रेघांसारखे दिसतात. म्हातारपणी ते सरळ होतात, विरतात, जागोजागी तुटलेले दिसतात. त्या जागा कोलॅजन भरून काढतं. आतल्या अस्तराच्या पेशी नळी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू कमी सोडतात, त्यामुळे गरज पडली की सैल व्हायचं काम नळी आळसाने करते.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मालही बदलतो, जाडीही बदलते, आणि कोणत्या थराने किती भार उचलायचा ती वाटणीही बदलते. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, पण ते माझ्या सुरीला कळत नाही. इथे एक बायोमेकॅनिक्सवाले (शरीराच्या भागांवरचे ताण-दाब मोजणारे) सदस्य आहेत ना? हाक मारते. @दूरदेशी_दोरा

आईची_लेक

वाचतेय. 'उकडलेली शेवई' वाचून रात्रीच्या खिरीचा बेत रद्द.

दूरदेशी_दोरा

आलो. दिवसभर प्रयोगशाळेत धमन्याच ताणत होतो, आता इथेही तेच!

काका, तुमच्यासाठी जुन्या प्रयोगापासून सुरुवात करतो. १९५७ साली कॅनडात मार्गो रोच आणि ॲलन बर्टन यांनी माणसाच्या कमरेतल्या इलिअॅक धमन्या घेतल्या. धमनी फुगवली की आधी मऊ वाटते आणि मग एकदम ताठ होते, हे ठाऊक होतं. का ते ठाऊक नव्हतं. त्यांनी काही तुकडे ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या विकरात ठेवून इलॅस्टिन खाऊन टाकलं, काही फॉर्मिक ॲसिडमध्ये ठेवून कोलॅजन काढलं. इलॅस्टिन गेलेली धमनी सुरुवातीपासूनच ताठ वागली. कोलॅजन गेलेली शेवटपर्यंत मऊ राहिली. म्हणजे कमी दाबाला भार इलॅस्टिन घेतं आणि जास्त दाबाला कोलॅजन. कोलॅजनचे धागे आधी वेटोळे घालून ढिले पडलेले असतात, ताणले गेले की एकेक करून कामावर येतात. आणि कोलॅजन इलॅस्टिनपेक्षा शेकडो पटींनी ताठ आहे.

वय वाढतं तसं हे कामावर येणं लवकर होऊ लागतं. तरुण धमनी ज्या दाबाला अजून इलॅस्टिनवर झुलत असते, त्याच दाबाला म्हातारी धमनी कोलॅजनवर टांगलेली असते.

दुसरी गोष्ट इलॅस्टिनची. हे मुख्यतः जन्माआधी आणि बालपणात विणलं जातं. त्यानंतर शरीर ते जवळजवळ बनवतच नाही. १९९१ साली फुफ्फुसातल्या इलॅस्टिनचं वय मोजलं गेलं. त्यासाठी पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत सोडलेल्या कार्बनच्या खुणाही वापरल्या. सरासरी आयुष्य निघालं ७४ वर्षं. म्हणजे माणसाएवढंच! मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला लाखाच्या वर, वर्षाला पावणेचार कोटींच्या वर. तुमच्या ६८ वर्षांत सुमारे अडीचशे कोटी वेळा तोच धागा ताणून सोडलाय. तुमच्या कारखान्यात होजवर दाबाची किती आवर्तनं चालवून बघायचात?

होजवाला

काही लाख, आणि तेवढ्यावर आम्ही पार्टी करायचो!

दोराशेठ, तुम्ही कोलॅजन म्हणताय ते आमचं ब्रेडिंग हो. होजमध्ये आतली ट्यूब रबराची, तिच्यावर धाग्याची किंवा तारेची वेणी, वर पुन्हा रबराचं कव्हर. दाब वेणी घेते, रबर फक्त गळू देत नाही. फरक इतकाच की आम्ही वेणी ढिली ठेवली तर इन्स्पेक्टर माल परत पाठवतो, आणि निसर्गाने मुद्दाम ढिली ठेवलीय.

आणि वेणीचा कोन! आमच्याकडे ५४ अंश ४४ मिनिटं हा आकडा लेकराच्या नावासारखा पाठ असतो. त्या कोनाला वेणी घातली की दाब आल्यावर होज लांबतही नाही, आखडतही नाही. धमनीतही असा काही कोन असतो का? की मी रबर जास्तच ताणतोय?

दूरदेशी_दोरा

काका, जे विचारायला लोकांना पीएचडीचं दुसरं वर्ष लागतं ते तुम्ही सहज विचारलंत.

कोलॅजनचे धागे धमनीतही दोन उलट दिशांच्या मळसूत्रांत असतात, तुमच्या वेणीसारखेच. मीडियात ते घेराच्या दिशेला जास्त झुकलेले, ॲडव्हेंटिशियात लांबीच्या दिशेला. पण लांबी कायम ठेवायची निसर्गाची मुख्य युक्ती कोनापेक्षा वेगळी आहे. धमनी शरीरात बसवलेलीच ताणून असते. कापून बाहेर काढली की आखडते. आणि गंमत अशी की त्या नैसर्गिक ताणाला धरून ठेवलेली धमनी फुगवली, दाब वरखाली केला, तर लांबीच्या दिशेचं बल जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे प्रत्येक ठोक्याला नळी जाड-बारीक होते, पण टोकांना हिसका बसत नाही. तुमचा ५४ अंशांचा होज जे करतो तेच, दुसऱ्या वाटेने.

हा लांबीतला ताण मुख्यतः इलॅस्टिनने धरलेला असतो. बाळाची धमनी तयार होते, मग शरीर वाढतं, आणि वाढता वाढता ती ताणली जाते. पुढे इलॅस्टिन विरत जातं तसा तो ताण ओसरतो. पोटातल्या महाधमनीत हे वयाशी इतकं घट्ट बांधलेलं आहे की प्रागच्या लुकाश होर्नी यांच्या गटाने मृताचं वय अंदाजायला त्याचा उपयोग होईल का तेही तपासलं. कोरोनरीबद्दल सांगायचं तर २००५ मध्ये ऑस्ट्रियात ग्राझच्या गेर्हार्ड होल्झाप्फेल यांच्या गटाने १३ हृदयांतल्या धमन्या थर सोलून मोजल्या, सरासरी वय सत्तरीच्या पुढचं. तिथे लांबीतला ताण उरला होता जेमतेम चार-पाच टक्के.

आता तुमचा वळणाचा प्रश्न. धमनी फारशी लांब होत नाही, तिचा ताण जातो. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. दोन खिळ्यांमध्ये घट्ट असते तोवर सरळ. ढिली पडली की तीच दोरी लोंबते. त्यात आतून दाब आहे, हृदय ठोक्यागणिक वाकवतंय, त्यामुळे ढिली नळी बाजूला वळते. वयस्कर लोकांत, विशेषतः रक्तदाब असलेल्या बायकांत, वळणदार कोरोनरी वारंवार दिसतात.

त्याच ग्राझच्या कामातली माझी आवडती गोष्ट: सोललेल्या तीन थरांत सगळ्यात ताठ निघाली इंटिमा. पुस्तकांनी जिला नुसतं अस्तर म्हणून सोडून दिलं होतं तीच. म्हणजे वयाने तुमच्या होजला आतून एक नवी, कडक ट्यूब चढवली.

होजवाला

दंडवत! दोरीचं उदाहरण बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपली गॅलरीतली दोरी तीन वर्षं लोंबतेय, ती आधी ताणा."

अजून एक. आमच्याकडे कडकपणा येतो तो नव्या जोडण्यांमुळे. सल्फरचे पूल म्हणा. तुमच्या कोलॅजनमध्ये असं काही?

स्लाइडवाली

असतं, पण पूल साखरेचे. रक्तातली ग्लुकोज प्रथिनांना चिकटते. रक्ताच्या लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली आपण एचबीए१सी म्हणून मोजतो. ती पेशी चार महिन्यांत बदलते, हिशोब नव्याने सुरू. कोलॅजन वर्षानुवर्षं तिथेच, त्यामुळे साखर चिकटून पुढे त्याच्या दोन धाग्यांना कायमची जोडते. धागे एकमेकांवरून सरकेनासे होतात. तुमचा ओव्हन ७० डिग्रीचा आणि तीन दिवसांचा, आमचा ३७ डिग्रीचा आणि सत्तर वर्षांचा. मधुमेहात तो ओव्हन जरा मोठ्या आचेवर चालतो.

हे पूल तोडणारं औषध काढायचा प्रयत्न झाला होता. अलाजेब्रियम नावाचं. २००१ मध्ये वयस्कर लोकांच्या धमन्या त्याने थोड्या सैल झाल्याचं दिसलंही. पण बाजारात ते कधीच आलं नाही, काम मध्येच थांबलं.

रोखठोक

सगळं छान चाललंय, पण 'वयाप्रमाणे' हा शब्द मला खटकतो. वय, वय म्हणत सगळं खपवलं जातं. माझा भाऊ ४४ व्या वर्षी गेला, त्याचंही 'वयाप्रमाणे' होतं का?

स्लाइडवाली

@रोखठोक, भावाबद्दल वाईट वाटलं. तुमचा राग योग्य ठिकाणी आहे. वरच्या प्रतिसादांत आम्ही दोन गोष्टींपैकी एकच सांगितली, ती आता वेगळी करते.

धमनी ताठ होणं ही एक गोष्ट. भिंतीत चरबी, दाह, मग कॅल्शियम असा थर साठणं, ज्याला आपण प्लाक म्हणतो, ही दुसरी. पहिली वयाबरोबर सगळ्यांना कमी-जास्त येते. दुसरी वयाबरोबर वाढते खरी, पण वय तिचं कारण नाही, वय तिला वेळ देतं. गोंधळ होतो कारण दोन्ही एकाच भिंतीत, एकाच इंटिमात घडतात.

पुरावा दोन्ही टोकांना आहे. १९५३ मध्ये कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली. सरासरी वय २२. त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या कोरोनरीत रोगाची डोळ्यांना दिसणारी चिन्हं होती. विशीतली, कवायत करणारी मुलं! आणि दुसऱ्या टोकाला बोलिव्हियाच्या जंगलात राहणारे त्सिमाने लोक. शेती, शिकार, मासेमारी, दिवसभर पाय चालू. २०१७ मध्ये त्यांच्या चाळीस ते चौऱ्याण्णव वयाच्या ७०५ जणांचं सीटी झालं. ८५ टक्के लोकांचा कॅल्शियम स्कोअर शून्य. ऐंशी वर्षांच्या त्सिमान्याच्या धमन्या पन्नाशीतल्या अमेरिकनासारख्या.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेला. इंटरहार्ट नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचा पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांत ५९ च्या आसपास. त्यात आपल्या लोकांच्या धमन्या जात्याच वेगळ्या निघाल्या असं नाही. तंबाखू, कोलेस्टेरॉल, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर हेच नेहमीचे गुन्हेगार, फक्त लवकर हजर झालेले. 'भारतीयांच्या नळ्याच बारीक' असंही ऐकवलं जातं. शरीराच्या आकारमानाशी ताडून बघितलं की तो फरक बहुतेक उरत नाही.

तेव्हा ४४ व्या वर्षी जे झालं ते 'वयाप्रमाणे' नव्हतं. तसं कोणी म्हणालं असेल तर चुकीचं म्हणालं.

रोखठोक

धन्यवाद. त्याला तंबाखू होती. आम्ही घरात ते कधी मोठ्याने बोललो नाही.

आईची_लेक

मध्येच घुसते, माफ करा. आई ८३. बीपी १६८/५८. वरचा एवढा जास्त आणि खालचा एवढा कमी. मशीन बिघडलंय म्हणून दुसरं आणलं, तेही तेच दाखवतं. शेजारचे काका म्हणतात खालचा चांगला आहे तर गोळीची गरज नाही. हे कडकपणाचंच का?

दूरदेशी_दोरा

मशीन बरोबर आहे, ताई. शेजारचे काका नाहीत.

यात मुख्य पात्र महाधमनी. तरुणपणी ती प्रत्येक ठोक्याला फुगून थोडं रक्त साठवते आणि हृदय विसावलं की परत ढकलते. गावाकडे पंप बंद झाल्यावरही नळाला टाकीमुळे पाणी येतं ना, तसं. ती ताठ झाली की साठवण संपते. ठोक्याला दाब उसळतो, मध्ये कोसळतो. म्हणून पन्नाशी-साठीनंतर वरचा आकडा चढत राहतो आणि खालचा उतरायला लागतो.

शिवाय नाडीची लाट ताठ भिंतीतून वेगाने धावते. तरुणपणी सेकंदाला पाच-सहा मीटर, म्हातारपणी दहाच्या पुढे. दूरवरून आदळून परतणारी लाट आधी हृदय विसावल्यावर पोचायची आणि खालच्या दाबाला टेकू द्यायची. आता ती आकुंचन चालू असतानाच परत येते, आणि हृदयाला तिच्याविरुद्ध ढकलावं लागतं.

कोरोनरीचा यात काय संबंध? बाकीच्या अवयवांना जास्त रक्त मिळतं ते हृदय आवळतं तेव्हा. हृदयाच्या डाव्या भिंतीला मात्र बहुतांश रक्त मिळतं ते हृदय सैल पडतं तेव्हा, कारण आवळताना ते स्वतःच्याच नळ्या चिरडतं. म्हणजे हृदयाचं स्वतःचं जेवण खालच्या आकड्यावर. काम वाढलं आणि ताटात कमी पडलं, असा दुहेरी तोटा.

स्लाइडवाली

गोळीबद्दल: अशा वरचाच दाब वाढलेल्या साठीपुढच्या ४,७३६ लोकांवर अमेरिकेत चाचणी झाली होती, १९९१ मध्ये निकाल आला. साध्या, स्वस्त, लघवी वाढवणाऱ्या गोळीपासून सुरुवात करून पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा 'खालचा चांगला आहे' हे कारण नाही. मात्र आईंचा खालचा आधीच ५८ आहे, तर डोस हळूहळू आणि त्यांच्या डॉक्टरांच्या नजरेखाली. उभं राहिल्यावरचं बीपीही मोजायला सांगा, पडल्या तर पंचाईत.

पापलेट_प्रेमी

काढ्याबद्दल बोललो ते मागे घेतो. पण लसूण तरी?

स्लाइडवाली

लसूण पापलेटाला लावा.

रात्रपाळी_कॅथलॅब

एवढा चांगला धागा आणि काकांचा एक प्रश्न तसाच राहिलाय. नळी मोकळी तर कॅल्शियम कुठे?

मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, टेक्निशियन आहे. अँजिओग्राफीत आम्ही नळीत डाय सोडतो आणि डायचं चित्र काढतो. म्हणजे दिसतं ते आतलं भोक. भिंत दिसतच नाही. तुमच्या होजमध्ये रंगीत पाणी भरून फक्त पाण्याचा फोटो काढला, असं समजा. १९८७ मध्ये सेमूर ग्लॅगोव्ह आणि सहकाऱ्यांनी १३६ हृदयांची डावी मुख्य धमनी तपासली. प्लाक वाढू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते आणि भोक तेवढंच राखते. प्लाकने साधारण ४० टक्के जागा खाईपर्यंत हे चालतं, त्यानंतर भोक आक्रसू लागतं. म्हणजे काका, तुमचं १८६ भिंतीत आहे, भोकात नाही. आमचा रिपोर्ट खोटा नाही, अर्धा आहे. भिंत बघायची तर नळीच्या आतून अल्ट्रासाउंडचा किंवा प्रकाशाचा कॅथेटर घालावा लागतो.

आणि कॅल्शियम म्हणजे काय ते विचाराल तर आमच्यासाठी ते रात्रीच्या झोपेचं खोबरं. मऊ प्लाकमध्ये बलून फुगतो, स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) उमलतो, काम फत्ते. कॅल्शियमची पूर्ण कडी असेल तर वीस ॲटमॉस्फिअरला बलून नेला तरी मधोमध डमरूसारखी कंबर राहते. तिथे तसाच स्टेंट टाकला तर तो अर्धवट उघडतो आणि पुढे बंद पडतो. मग हिऱ्याचे कण लावलेला ड्रिल, ज्याला आम्ही रोटा म्हणतो, तो फिरवा. नाहीतर किडनी स्टोन फोडायच्या तंत्रावरून आलेला शॉकवेव्हचा बलून. तो गमतीशीर आहे. चारच ॲटमॉस्फिअरला फुगवायचा, आतून धक्के द्यायचे, कॅल्शियमला तडे जातात आणि मऊ भिंतीला फारसं काही होत नाही. मग सहावर न्यायचा, आणि ती कंबर पडद्यावर डोळ्यांदेखत सुटते. पहाटे तीन वाजता ते बघायला मिळालं की चहा गोड लागतो.

होजवाला

वीस ॲटमॉस्फिअर! आमच्या रेडिएटर होजचा कधीच भुगा झाला असता.

म्हणजे गोळी घेऊन हा १८६ खाली येईल का?

स्लाइडवाली

नाही, आणि म्हणून सारखा मोजत बसू नका. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू झाल्यावर स्कोअर उलट वाढलेला दिसू शकतो, कारण मऊ, चरबीचा प्लाक घट्ट आणि चुन्यासारखा होतो. अटॅकचा धोका त्याच वेळी कमी होत असतो. घाबरायला होतं, पण वाढलेला आकडा प्रत्येक वेळी बिघाडच दाखवतो असं नाही. छातीत जडपणा परत आला तर मात्र 'नळ्या मोकळ्या आहेत' म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना सांगा.

दूरदेशी_दोरा

आणि चालण्याबद्दल: २००० साली अमेरिकेत हिरोफुमी तानाका आणि सहकाऱ्यांनी मध्यम आणि उतार वयाच्या बैठ्या पुरुषांना तीन महिने मुख्यतः चालायला लावलं. मानेतल्या धमनीची लवचिकता सुमारे पाव हिश्शाने सुधारली. ही मानेतली गोष्ट, कोरोनरीतली नव्हे. आणि तीन महिन्यांत इलॅस्टिन नवं विणलं गेलं नसणार, बहुधा स्नायूपेशी आणि अस्तर यांचं वागणं सुधारलं. म्हणजे काका, वेणी तीच, पण मशीनला तेल मिळालं.

होजवाला

चालणं चालू आहे. सकाळी तळजाईवर चार किलोमीटर. गॅलरीतली दोरीही ताणली.

शेवटचा प्रश्न, मग तुम्हाला सोडतो. माझ्या मित्राची बायपास १५ वर्षांपूर्वी झाली. छातीच्या आतली नळी जोडली ती अजून ठणठणीत, पायातून काढलेल्या दोन्ही बंद. सगळ्या त्याच माणसाच्या, त्याच वयाच्या. असं का?

स्लाइडवाली

छान प्रश्न. पायातली म्हणजे शीर. तिला धमनीच्या ठोक्यागणिक उसळणाऱ्या दाबाची सवय नाही, तो एकदम आला की ती दचकून जाड होते. छातीतली इंटर्नल मॅमरी मात्र धमनीच, आणि खास. कोरोनरी ही स्नायूंची धमनी, मॅमरीच्या मीडियात इलॅस्टिनचे पदर जास्त, आणि आतला पदर जवळपास अखंड. इंटिमा जाड व्हायला पेशी मीडियातून त्या पदराच्या फटींतून येतात. फटीच नाहीत तर येणार कुठून? नायट्रिक ऑक्साइडही ती भरपूर सोडते. दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांच्या आसपास मॅमरी चालू असतात.

आणि त्याहून गमतीची गोष्ट कोरोनरीतच आहे. काही लोकांत डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीचा एक तुकडा हृदयाच्या स्नायूखालून जातो, पुलाखालून रस्ता जावा तसा. पुष्कळदा पुलाच्या अलीकडे प्लाकने भरलेली धमनी असते आणि पुलाखालचा दोन सेंटिमीटरचा भाग स्वच्छ. तीच नळी, तेच रक्त, तेच वय. फक्त स्नायू प्रत्येक ठोक्याला बाहेरून दाबतो, त्यामुळे भिंतीवरचा ताण आणि रक्ताचं घासणं वेगळं.

आमच्या विभागाच्या संग्रहालयात अशी एक बरणी आहे. पुण्यातच आहात, एखाद्या शनिवारी या, दाखवते. ड्युरोमीटर घरी ठेवा. फॉर्मलिनमध्ये सगळंच कडक होतं, विशीतलं आणि सत्तरीतलं सारखंच.

होजवाला

येतो. ड्युरोमीटर घरी ठेवतो. व्हर्नियर आणला तर चालेल ना?